उपडी पळी

पळी पातेल्यात बुडवायची, वर काढायची आन् उपडी करून बघत ऱ्हायाचं. असं करणारा माणूस तुमी कुठं बघितलाय का? आमी रोज बघायचो. पळीच्या पाठीवरनं डाळ पाण्यासारखी खाली आली की म्हणायचा, "धावती." मग जाळ कमी करून गुडघ्यात मान घालून बसायचा. परत पळी. जरा दमानं उतरली की, "आता चालती." आन् एकदा का डाळ पळीला धरून ऱ्हायली, खाली यायलाच तयार न्हाय, की मान डोलवायचा. "बसली गो बाय. आता ताट मांड."

त्याला सगळी बटलरबाबा म्हणायची. खरं नाव कुणी इचारलं न्हाय, म्या बी न्हाय. इंदापूरच्या अंगाला साखर कारखाना हाय, तिथल्या गोऱ्या सायबाचा ह्यो सैपाकी. गोव्याकडचा, किरिस्ताव. आमचे मालक त्याच बंगल्यावर माळी, म्हणून बंगल्यामागच्या चाळीत आमाला एक खोली मिळाली. भिताडाच्या पल्याड त्याची खोली. ओटा दोघांला एकच.

उंच, वाळकुडा. पांढरा बंद गळ्याचा कोट आन् पायात कायी न्हाय. चष्म्याची एक काडी तुटलेली, तितं सुतळी. मी चौथीपत्तर शिकलेली, लोणी भापकरची पोर, गोरा सायेब लांबनं दिसला तरी मी दाराआड व्हायची. पण ह्या बाबाची भीती वाटायची न्हाय. एकदा मी त्याला वाटीभर कालवण दिलं. त्यानं बोट लावून चाटलं आन् डोळं पुसत म्हणतो कसा, "तुमी लोक जेवतां का भांडतां गो?"

वळख झाली ती जात्यावरनं. बारामतीच्या बाजारातनं तो वाळलेलं हिरवं वाटाणं आणायचा आन् ओट्यावर पिशवी धरून उभा ऱ्हायाचा. "बाय, फोडून दे. पीठ करू नको. एका दाण्याच्या दोन फाका, बस." मी जात्याच्या मधल्या खुंटीवर चिंधी गुंडाळायची, म्हंजी वरची तळी जरा उचलून ऱ्हाती आन् दाणा नुसता भरडतो. मग तो डाळ पाण्यात टाकायचा, टरफलं वर आली की तळहातानं हळूच बाजूला सारायचा. बाळाचं जावळ सारत्यात तसा.

सायबाला त्या डाळीचं सूप लागायचं, आन् त्यात डुकराच्या मांडीचं हाड. मीठ लावून धुरावलेलं. हॅम म्हणायचा तो त्याला. आदी ते मुंबैहून यायचं, मग यायचं थांबलं. नाताळ तोंडावर आलेला. तेवढ्यात कारखान्याच्या उसात गड्यांनी एक रानडुक्कर मारलं. आता तुमाला ठावं हाय, आमच्यात रानडुक्कर चालतं, गावातलं चालत न्हाय. मालकांनी बी वाटा आणला. बाबानं गड्यांकडनं मागचा अख्खा फरा, म्हंजी मांडीसकट पाय, मागून घेतला, काठवटीत घातला, मीठ आन् गूळ चोळला, वर दगड ठेवला. रोज उलटायचा, रोज चोळायचा. मग चुलीवर टांगून खाली उसाच्या पाचटाचा धूर केला.

सगळी चाळ हसायची. "बटलर डुकराचं लोणचं घालतोय!"

"व्हय," तो म्हणायचा, "तुमी आंब्याचं घालतां, मी पायाचं."

असं सगळं चाललं हुतं आन् माझ्या ठकूला गोवर आला.

दोन वरसाची ठकू. अंग तव्यासारखं. मी मालकांना त्यांच्या गावी पणदऱ्याला पिटाळलं आन् ते आत्याबाईंना घेऊन आले. आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई. त्यांनी आल्या आल्या दाराला कडुलिंब बांधला. घरात देवी आली, आता फोडणी द्यायची न्हाय, तळायचं न्हाय, मांस न्हाय, बाहेरच्या माणसाचा पाय न्हाय. मालक भीत भीत म्हणले, दवाखान्यातल्या डाक्तराला दावू का? "देवीला सुई टोचता व्हय रं?" म्हणल्या.

मग त्यांनी नाक वर केलं. वास घेतला. एकदा, परत एकदा. भिताडाला नाक लावलं.

"अगं बया! देवीच्या नाकाखाली डुक्कर टांगलंय!"

मला वाटलं आता भांडाण. मी ठकूला उराशी धरून कोपऱ्यात बसले. बाबा ओट्यावर आला, सगळं ऐकून घेतलं. आत गेला, फरा फडक्यात गुंडाळला, तान्ह्या पोरासारखा खांद्याला लावला आन् कालव्याकडं निघाला. तिथल्या चिंचेला उंच बांधला. बंगल्यावरचं काम आटपलं की जाऊन झाडाखाली बसायचा, हातात काठी, कुत्र्यांनी ओढू नये म्हणून. येणारी जाणारी इचारायची, "बाबा, हितं कुणाची राखण?" तर म्हणायचा, "सायबाच्या नाताळाची."

गोवर उतरला. पुरळ गेलं, ताप गेला, आन् ठकू बी जायला लागली. काय दिलं तरी भाईर. दूध भाईर, पेज भाईर. माझं अंगावरचं तर आटलेलंच. डोळं उघडायची, माझ्याकडं बघायची, परत मिटायची. रडत बी नव्हती. तुमी लेकराचं रडणं नकोसं वाटून कधी वैतागला असाल, पण ते थांबल्यावर काय वाटतं ते मला इचारा.

देवीची पाठवणी झाली असती तर दुसरं कायबाय देता आलं असतं. पण पणदऱ्याला दिराच्या पोराला बी गोवर. आत्याबाई म्हणल्या, एका घरची देवी हाय, दोन्ही लेकरं उठली की एकदमच पाठवायची. त्याचं अजून अंगभर हुतं. म्हंजी तिकडं तो उठंस्तवर हितं माझीला पेजंवर ठेवायची.

मी धीर करून म्हणलं, "आत्याबाई, तंवर ही ऱ्हायाची न्हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच न्हाय. म्हणल्या, "माझ्या दोन लेकी गोवरात गेल्या. थोरली आजारी असताना म्या आमटीला फोडणी दिली हुती. धाकटीच्या येळला कायी केलं न्हाय, तरी गेली. तवापासनं मला पुन्हा परीक्षा बघायची न्हाय, पोरी."

मी भिताडाला टेकून बसले आन् पल्याडनं बाबाचं खोकणं ऐकत ऱ्हायले. त्याला बी सगळं ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या उंबऱ्याच्या भाईर येऊन उभा ऱ्हायला. चपला नव्हत्याच काढायला, तरी पाय झटकले.

"बाई," आत्याबाईंना म्हणला, "मी आत येत न्हाय. डाळ तुमच्या जात्यावरची. पातेलं तुमचं, पाणी तुमचं, जाळ तुमचा. पोरीसाटी सूप कसं करायचं तें मी हितनं नुसतं सांगतो."

"फोडणी?"

"न्हाय."

"त्याल?"

"थेंब न्हाय."

"मांस?"

"हाडाशिवाय हें सूप आंधळं हाय, बाई. पण न्हाय. आज न्हाय."

"आन् ते तुमचं टांगलेलं?"

"ते कालव्यावर हवा खातंय."

आत्याबाईंच्या तोंडाचा कोपरा जरासा हालला. त्या सरकून बसल्या आन् मला म्हणल्या, "घाल डाळ."

चूल आतल्या अंगाला. बाबाला पातेलं दिसत नव्हतं. तो दाराकडं पाठ करून उभा, आन् मी आतनं वरडायची. कांदा अख्खा टाक, म्हणला. मिरं चार ठेचून टाक. फेस येईल तो काढ. मीठ शेवटाला. मग पळी.

"काय म्हणती?"

"धावती, बाबा!"

"जाळ कमी कर."

पुन्हा पळी. "आता काय म्हणती?"

"धावती. अजून धावती. बाबा, ही बसायचीच न्हाय!"

"तुझा हात धावतो गो बाय, डाळ न्हय. हात थांबव, मग बघ."

मी मनगट दुसऱ्या हातानं धरलं. उपडी पळी. डाळ उतरली, पण दमानं. "चालती!" मी अशी वरडले की ठकूनं डोळं उघडलं.

बसली तवा दुपार कलली हुती. मी फडक्यातनं गाळून वाटीत घेतलं, निवलं, ठकूच्या तोंडात घातलं. भाईर आलं. परत घातलं, परत भाईर. तवा आत्याबाईंनी तिला माझ्या मांडीवरनं उचलली, आपली करंगळी डाळीत बुडवली आन् तिच्या जिभंला लावली. थांबल्या. परत लावली. ठकूच्या नरड्याची घाटी खाली वर झाली.

"गिळलं," आत्याबाई म्हणल्या.

भाईरनं आवाज आला, "बसली?"

"बसली, बाबा," आत्याबाईच म्हणल्या. त्यांनी त्याला बाबा म्हणलेलं ते पयल्यांदाच.

पण तेवढ्यानं पोर उभी ऱ्हायली न्हाय. नुसती जात नव्हती एवढंच. रोज करंगळीनं जरा जरा. मी पणदऱ्याच्या वाटंकडं डोळं लावून बसायची. दिराच्या पोराला बरं वाटू दे म्हणून देवाला हात जोडायची, आन् मनात माझीच पोर असायची. बाबा कालव्याकडनं येता जाता दारात थांबायचा. इचारायचा कायी न्हाय, नुसता थांबायचा. मी मान हालवली की पुढं जायचा.

मग एके सकाळी पणदऱ्याकडचा एक गाडीवान ऊस घेऊन कारखान्यावर आला. गाडी सोडायच्या आदी आमच्या दारात. "पोरगं उठून बसलंय, भाकर मागतंय. आज पाठवणी करा म्हणून निरोप हाय."

आत्याबाईंनी दहीभाताचा निवद केला, दाराचा कडुलिंब उतरवला आन् शिवंला जाऊन देवीला वाटं लावून आल्या. त्या ओट्यावर पाय धूत हुत्या तवर पल्याडच्या खोलीतनं करवतीचा आवाज सुरू झाला. बाबानं फरा कवाच उतरवून आणलेला.

"बाबा, नाताळ अजून यायचाय," मी म्हणलं. "सायेब काय म्हणतील?"

"सायबाच्या ताटात मांस जातं गो. हाड पातेल्याचं."

त्या दिवशी तो पयल्यांदा आमच्या घरात आला. आमच्याच चुलीपुढं बसला. हाड थंड पाण्यात सोडलं, खारट पाणी एकदा वतून दिलं, मग डाळ. पाचटाच्या धुराचा आन् गुळाचा वास सगळ्या खोलीत भरला. आत्याबाई तोंड फिरवून बसल्या, पण उठून गेल्या न्हाय. पळी बसली तवा त्यानं हाडाचं मांस सुतासारखं बारीक सोडवलं आन् डाळीत कालवलं.

ठकूनं पयला घास घेतला. दुसऱ्याला तिनं पळीच धरली. दोन्ही हातानं. मग मोकळं हाड मागितलं आन् चोखत बसली, आन् कुणी काढून घ्यायला गेलं तर रडायला लागली. रडली! मोठ्यानं! मी पदर तोंडात घालून भाईर ओट्यावर गेले, मला आत बघवंना.

आत्याबाईंनी शेवटी वाटीभर घेतलं. संपवलं. म्हणल्या, "मीठ कमी हाय."

पुढच्या उन्हाळ्यात गोरा सायेब विलायतंला गेला. नवीन सायेब आला, त्याचा सैपाकी महाराज संगं घेऊन. कांदा बी चालत न्हाय त्या घरात, मग हाड कुठलं? बाबाला खोली सोडायला सांगितली. मी इचारलं, "घरी जाणार का, गोव्याला?"

"हद्द बंद हाय गो, तितं अजून फिरंग्याचं राज्य. तितं जातां येत न्हाय, हितं ऱ्हातां येत न्हाय. मुंबैला बघतो."

आमच्या गावची माणसं पण असत्यात मुंबैला, मी म्हणलं. दुसरं काय म्हणणार? ऱ्हावा म्हणायला खोली काय आमची हाय का? ती बी सायबाचीच. मालकांची नोकरी टिकंल का न्हाय हेच कुणाला ठावं नव्हतं. साखरंच्या लॉरीत पोत्यांवर तो चढून बसला, बंद गळ्याचा कोट घालून, मांडीवर गाठोडं. गाठोड्यातनं पळीचा दांडा भाईर आलेला. ठकू हात हालवायच्या ऐवजी पळी उपडी करतो तसा हात उपडा करून दावत हुती. त्यानं बी तसाच दावला.

तेवढंच. पुढं कायी कळलं न्हाय. तुमच्यापैकी कुणी मुंबैला असा सुतळीच्या चष्म्याचा माणूस बघितला असंल तर ठकू पळती म्हणून सांगा त्याला.

आता मला धाकटा झालाय. चाळीत परत गोवर आलाय, आन् सकाळपासनं त्याचं अंग तापलंय. पुरळ दिसत न्हाय, पण माझे हात थांबंनात. आत्याबाईंना आणायला मालक गेल्यात. तवर मी जात्याच्या खुंटीवर चिंधी गुंडाळली, वाटाणं फोडलं, डाळ चढवली. ठकूनं पाट ओढला, वर चढली, पळी घातली आन् उपडी करून बघत ऱ्हायली.

"आये, धावती."

मी दाराकडं तोंड करून वरडले, "बाबा, धावती!"

ओट्यावर कुणी न्हाय. पल्याडच्या खोलीला कुलूप. ठकू माझ्याकडं बघाय लागली.

मग मीच जाळ कमी केला.