मेरेवरच्या दूर्वा नकोत

"साध्या पाण्यातलं बी रुजलेलं नाही, आणि तुम्ही मला तणनाशकाचा परिणाम सांगताय," मॅडम म्हणाल्या. फाईल त्यांनी हातात दिली नाही. टेबलावरून बोटाने ढकलली, आणि ती कडेला आली तेव्हा मी घाईघाईने धरली. पुढचं त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. एक तर बी मेलेलं होतं, नाहीतर आम्ही काही केलंच नव्हतं, आणि यातलं खरं काय ते शोधायला त्यांना वेळ नव्हता. जानेवारीत पुन्हा प्रोजेक्ट द्यायचा. नाही जमलं तर पुढच्या वर्षी भेटू.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. 'पुढच्या वर्षी' म्हणजे डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत काय होईल ते मला दिसत होतं. बाबा रागावणार नाहीत. पण काकांच्या ओळखीच्या ऑफिसात जागा आहे हा विषय पुन्हा निघेल, आणि या खेपेला मला नाही म्हणता येणार नाही. पुढे शिकायचं राहूनच जाईल.

प्रोजेक्ट तसा साधा होता. भातशेतीत मारतात त्या तणनाशकाने शेताच्या कडेला आपोआप उगवणाऱ्या झाडांच्या बियांचं काय होतं, ते बघायचं. मी कुर्डूचं झाड निवडलं, कारण तेवढं एक मला पुस्तकाच्या आधीपासून माहीत होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला आई त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करते. पुढे त्याला गुलाबी तुरे येतात, ते पांढरे पडतात आणि त्यात बारीक, काळं, चकचकीत बी धरतं. काचेच्या बशीत ओला फिल्टर पेपर, त्यावर पंचवीस बिया. एका बशीत साधं पाणी, बाकीच्यांत तणनाशक, कमी-जास्त प्रमाणात. साध्या पाण्याच्या बशीला कंट्रोल म्हणतात. ती नीट रुजली पाहिजे, कारण बाकीच्या बशांची तुलना तिच्याशी करायची असते. आमच्या कंट्रोलमध्ये पंचवीसपैकी सहा रुजल्या. त्या सहांची मुळंही टोकाशी तपकिरी होऊन थांबली.

प्रोजेक्ट जोडीने करायचा होता. माझी जोडीदारीण शिवाजी पार्कला राहायची. तिच्या घरी आजोबांपासून सगळे शिकलेले, त्यामुळे प्रयोग फसणं तिला नवीन नसावं असं मला वाटलं होतं. मॅडमच्या केबिनमधून बाहेर पडलो तशी ती जिन्यातच थांबली.

"अगं, बावीस लिही ना. कोण मोजायला येतंय?"

"सहा आहेत."

"मग बस सहा घेऊन. सॉरी यार, पण तुझ्या गावच्या बियांसाठी मी वर्ष घालवू?"

दुसऱ्या दिवशी ती एका दुसऱ्या जोडीत गेली. तिघींची जोडी मॅडमनी चालवून घेतली. कपाटातला आमचा कप्पाही त्या तिघींकडे गेला. माझ्या बशा कुणीतरी खिडकीत काढून ठेवल्या होत्या, झाकणं न लावता.

मी फार सरळ होते असं मला सांगायचं नाही. त्या दुपारी मी पेन्सिलीने बावीस लिहून पाहिलं. चांगलं दिसलं. मग खोडलं. खोडलं ते खरेपणाने की बशा अजून तिथेच होत्या आणि मॅडम येऊन मोजतील या भीतीने, ते मला आजही ठरवता येत नाही. कागदावर वळ राहिला.

बी मेलेलं कसं असेल, हे मात्र कळेना. ते मी स्वतः काढलेलं होतं. कोकणात कुर्डूचं बी दिवाळीच्या सुमाराला पिकतं, पण आमच्यासारख्या घरांना गावाला जायला मिळतं ते गणपतीत. बाबांना दुसरी रजा नाही. त्यामुळे बी मिळेल की नाही याची मला धास्ती होती. मामाच्या शेतावर गेले तर मेरेवरचं, म्हणजे भाताच्या दोन खाचरांमधल्या बांधावरचं, कुर्डू आधीच वाळलेलं. तुरा हातावर चोळला की काळं बी पडत होतं. मला नशीबच वाटलं. मामाला विचारलं, तो घे म्हणाला. कागदाची पुडी भरून मी मुंबईला आणली.

फाईल परत आली त्याच आठवड्यात संकष्टी होती. आईने लालबागच्या बाजारातून दूर्वांची जुडी आणली होती आणि ती निवडताना कुरकुरत होती. अर्ध्या पिवळ्या निघाल्या म्हणाली. मग गावाकडचं निघालं. मेरेवर एवढ्या दूर्वा असतात, आणि यंदा गणपतीला मी बी काढण्यात गुंतले होते तेव्हा तिला त्या देवळामागून आणायला लागल्या, चिखलातून.

"का गं?" मी विचारलं.

"तुझा मामाच म्हणाला ना, मेरेवरच्या नकोत."

मी फोन काढला आणि गणपतीतले फोटो उघडले. एकात मी मेरेवर उभी आहे, हातात कुर्डूची जुडी, दात काढून हसतेय. दोन्ही बाजूंना भात हिरवंगार. मधली मेर गवताच्या पेंढीच्या रंगाची. कुर्डू, माका, दूर्वा, सगळं एकाच वेळी वाळलेलं. फोटो मोठा करून बघितला. तुऱ्यांची टोकं गुलाबी होती. पिकून वाळलेल्या कुर्डूचा तुरा टोकापर्यंत पांढरा पडतो. हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. शेतात उभी असताना मला ते दिसलं नाही.

मी मामाला फोन लावला. गणपतीच्या आधी मेरेवर औषध मारलं होतं का, एवढंच विचारलं.

"मारलंय. दोन आठवडे आधी. मगे?"

"मला सांगितलं नाहीस."

"तू इचारलंस काय? बी व्हया म्हणालंस, घे म्हटलंय."

"दूर्वा मात्र नको म्हणालास."

"देवाक औषधाच्या दूर्वा घालू?"

इथे मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, देवाला चालत नाही ते माझ्या परीक्षेला चालतं होय.

"मेर बेणूक, गवत काढूक माणूस गावत नाय," तो म्हणाला, अगदी सावकाश. "तुम्ही येतास, पाच दिवस जेवतास, फोटो काढतास नि जातास. तुझ्या मॅडमक सांग, हय येऊन एक मेर बेणून दाखव म्हणान. मगे माका शिकव."

त्याने फोन ठेवला. मला भयंकर राग आला होता. पाच दिवस जेवतो आणि फोटो काढतो हे खरं होतं, म्हणून जास्तच.

पण त्या रागातच मला कळलं की प्रयोग फसलेला नव्हता, मी तो उशिरा सुरू केला होता. मी बशीत तणनाशक ओतायच्या आधीच ते बियांपर्यंत पोचलं होतं, झाडातून, बी भरत असतानाच. माझ्याकडे बिनफवारलेलं बी नव्हतंच. म्हणजे कंट्रोल नव्हता.

ते कुठून आणायचं? गावाला जायला सुट्टी नव्हती, आणि मामाने पायरी चढू दिली असती की नाही, शंका होती. डिसेंबर लागला होता. आमच्या चाळीच्या मागे एका बंद गिरणीची भिंत आहे. आमच्या मजल्यावरच्या गॅलरीतून आतली मोकळी जागा दिसते. कपडे वाळत घालताना मी ती रोज बघायची. एका सकाळी मला त्या राडारोड्यात पांढरे तुरे दिसले. कुर्डू. दरवर्षी तिथेच असणार.

गेटवरच्या वॉचमनने आत सोडलं नाही. मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं तर तो म्हणाला, कॉलेज तिकडे गिरगावात आहे, इथे काय. मी विचारलं, आत कोणी औषध वगैरे मारतं का. "इधर आदमी नहीं आता, दवा कौन मारेगा?" असं म्हणून त्याने पाठ फिरवली. मला तेवढंच हवं होतं. गटाराच्या बाजूला भिंत पडलेली आहे. तिथून छत्रीच्या मुठीने तुरे ओढून मी पिशवी भरली.

कॉलेजात जागा नव्हती, म्हणून श्रीखंडाच्या डब्यांच्या झाकणांत फिल्टर पेपर घालून घरीच बिया मांडल्या. एका ओळीत गिरणीचं बी, दुसऱ्या ओळीत मेरेवरचं. सगळ्यांत साधं पाणी. शेजारच्या काकू येता-जाता विचारायच्या, "काय गं, कापणी कधी?" चौथ्या दिवशी गिरणीच्या ओळीत सगळीकडे पांढरे धागे होते. मेरेच्या ओळीत तुरळक, आणि तेच तपकिरी टोक. मी तीनदा मोजलं.

लिहायला बसले तेव्हा आई समोर येऊन बसली. मामाशी तिचं बोलणं झालं होतं.

"त्याचं नाव घालू नकोस."

"नाव नाही. फवारलेला बांध एवढंच लिहितेय."

"तेही नको. बी खराब निघालं लिही."

"खराब का निघालं तेच तर लिहायचंय, आई."

ती उठली. पुढचे दोन दिवस तिने मला वाढलं, पण जेव म्हणाली नाही.

फाईल द्यायचा शेवटचा दिवस रविवारी आला. मॅडमनी घरी आणून द्यायला सांगितलं होतं, फणसवाडीत. त्यांनी दार उघडलं आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. आत रेडिओ चालू होता. मी चपला काढल्या होत्या, त्या पुन्हा घालाव्यात की नाही हे कळेना. त्यांनी तिथेच उभ्याने फाईल वाचली. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं की बी गोळा करताना झाडं फवारलेली आहेत हे मी ओळखलं नाही आणि त्यामुळे पहिला प्रयोग निरुपयोगी ठरला.

"स्वतःची चूक तुम्ही निष्कर्ष म्हणून देताय."

मी हो म्हटलं.

"एक बी गावचं, एक मुंबईचं. काढलंय वेगवेगळ्या महिन्यांत. फरक तणनाशकाचाच कशावरून?"

"नक्की सांगता येत नाही, मॅडम. गावचं बी पिकायच्या आधी वाळलेलं होतं, त्याचाही असेल. शेवटच्या पानावर तसं लिहिलंय."

त्यांनी शेवटचं पान उघडलं. बराच वेळ वाचलं. मग खिशातलं पेन काढून, भिंतीवर फाईल टेकवून सही केली. "पास होण्यापुरते देईन," त्या म्हणाल्या. "आणि पुढे बियांना हात लावण्याआधी झाडाकडे बघत जा." दार लागलं. मी चपला हातातच घेऊन जिना उतरले, आणि खाली आल्यावर ते लक्षात आलं.

मी पास झाले. पुढे प्रवेशही मिळाला. जोडीदारणीला माझ्यापेक्षा खूप जास्त मार्क पडले, तिच्या बिया छान रुजल्या होत्या असं कळलं.

यंदा गणपतीला आम्ही गावाला गेलो. मामा बाबांशी बोलला, आईशी बोलला. एरवी पोचल्या पोचल्या दूर्वा आणायचं काम माझं असतं. मी परडी शोधायला लागले तर ती देवाजवळच होती, दूर्वांनी भरलेली. एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून, ओल्या फडक्याने झाकलेली. मामाने पहाटेच उठून त्या काढून आणल्या होत्या, मला शेताकडे जायचं काही कारण उरू नये म्हणून. कुठून आणल्या ते मी विचारलं नाही. पाच दिवसांत मी मेरेवर पाय ठेवला नाही.