चिठ्ठी जाळायची होती

अरे बाप्पा, मी आपल्याच हातानं आपलं तोंड कसं काळं केलं, ते ऐकायचं आहे? मंग चहा घ्या आधी. हसा खुशाल, पण पुरं ऐकून हसा.

तर मी आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पोराइची कन्फर्मेशनची, म्हंजे दृढीकरणाच्या संस्काराची, तयारी घेतो. पोरं बारा, सगळी नववी-दहावीची, त्यात एक माझाच रोहन. बिशप येऊन कपाळाले तेल लावणार, पवित्र आत्मा उतरणार. पण त्याच्या आधी प्रत्येकानं पापाची कबुली द्यायची. फादर मले म्हणाले, "सर, बच्चों से पाप चिट्ठी पर लिखवाइए, फिर डब्बे में जला दीजिए। पढ़ना मत।"

मी पोराइले सांगितलं, "नाव टाकू नका. अन् डाव्या हातानं लिहा, म्हंजे तुमच्या बापालेही अक्षर ओळखू येणार नाही." काय अक्कल होती माझी!

अकरा चिठ्ठ्या जळल्या. बारावी हवेनं उडाली अन् माझ्या चपलेपाशी येऊन उघडली. आता उघड्या चिठ्ठीकडे डोळा जातेच ना?

"मैंने रोज़ प्रार्थना की कि पापा की सेकंड शिफ्ट लगे। पापा घर पर हों तो डर लगता है।"

सेकंड शिफ्ट म्हंजे बाप दुपारी दोनले जाते, रात्री दहाले येते. पोरगं शाळेतून येते, तोवर बाप घराबाहेर गेलेला. किती भ्यायलं असेल हे लेकरू! माझं डोकंच फिरलं. फादरले सांगावं, तर ते म्हणतील, चिठ्ठी वाचली कावून, ते आधी सांगा! मी स्वतःच निघालो तो बाप शोधाले.

शिफ्ट म्हंजे आमच्या गावचा कारखाना, प्लांट; अन् प्लांटवाले बाप चार. त्यातला एक मी. पण माझी तर सहा महिन्यांपासून जनरल ड्युटी, रोज संध्याकाळी सहाले घरी. मले शिफ्ट लागायचा प्रश्नच नाही, माझं नाव आपोआप कटलं.

पहिला रिसाली वस्तीत राहे. "भौ, लेकरावर हात उगारता का?" तो बिचारा टीव्हीचा रिमोट ठेवून उभाच राहिला. "काय म्हणून राहिले सर? माझी पोरगीच मले दटावते!" आतून त्याची बायको आली, "खरं सांगा, काय केलं पोरीले?" मी निघालो तवा दोघांचं जुंपलं होतं.

मरोदा वस्तीतला दुसरा रडला. हो, रडला! "एक बार मारा था सर, जब वो तीसरी में था।" त्याले मी अर्धा तास पश्चात्ताप शिकवला. तिसऱ्यानं मले गेटाबाहेर काढलं.

घरी येऊन जेवताना बायकोले, सुनीताले, छाती फुगवून सगळं ऐकवलं. "काय एकेक बाप असतात! घरात पाय ठेवला की लेकरू थरथरते!"

तिनं शेजारी जेवत असलेल्या रोहनच्या ताटात भाजी वाढली.

"ऐकून राहिली ना? बोल ना काही."

"काय बोलू?" ती म्हणाली. "तुमची सेकंड होती, तवा रोहन संध्याकाळी गाणं म्हणे."

फूटपट्टी माझ्या ताटाशेजारीच होती. रोज जेवण झालं की मी त्याले कन्फर्मेशनची प्रश्नोत्तरं विचारत होतो, चुकला की हातावर एक फटका. सराचाच पोरगा बिशपसमोर अडखळला तर माझं नाक कापलं जाईल ना! पवित्र आत्म्याची सात दानं तो मागे-पुढे करे. पण सातवं, देवाचं भय, कधीच चुकला नाही.

रोहननं घास खाली ठेवला. वर न पाहता म्हणाला, "पापा, वो पर्ची तो जलानी थी न?"

इतकी लाज मले जन्मात वाटली नव्हती. ताटावरून उठलो अन् ती फूटपट्टी मोडली. दोन तुकडे हातात घेऊन उभा, तर पोरगं अजूनच भ्यायलं.

दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये अर्ज दिला. साहेब म्हणाले, "पागल हो क्या? जनरल छोड़कर कोई सेकंड माँगता है?"

म्हणलं, "साहेब, घरी कोणीतरी रोज प्रार्थना करून राहिलं आहे. तुमच्या एका सहीचं काम आहे."

कन्फर्मेशन झालं. बिशपनं विचारलेल्या एकाही प्रश्नाले रोहन अडखळला नाही. अडखळणार कसा? त्याची तयारी घेणारा सर रोज संध्याकाळी ड्युटीवर होता ना!