दोन काडतुसं, एकशे सदतीस पावलं

जूनच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीला, तीन दिवस मिळाले. अनिरुद्धला ड्युटी नव्हती. त्याला केरीचा किनारा बघायचा होता, मला काडतूस निवडायचं होतं. आम्ही काडतूस निवडायला गेलो.

आधी थोडं सांगायला हवं. मी साताऱ्याची. पुण्यात मराठी साहित्य शिकले आणि एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवायला शिकले. इथे आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला, दुसरं शिक्षण जास्त उपयोगी पडलं. नवरा, अनिरुद्ध, इथल्या मोठ्या हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर आहे. त्याच्याच वॉर्डात आमच्या शेजारच्या नोएल यांच्या खुब्याचा सांधा बदलला. नोएल सत्तरीचे. जंगल खात्यात नोकरी केली, आणि एकोणीस वर्षं नॉकमेलडाउन डोंगरात हरणांची शिकार केली. दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली सशांवर शिकते आहे. नव्या खुब्याने ते अंगणात छान चालतात. डोंगर आता होत नाही.

त्या डोंगराच्या पायथ्याशी मार्टिन या शेतकऱ्याची जमीन आहे. थोडी गुरं, आणि वरच्या अंगाला लावलेली झाडं. तिथली हरणं फॅलो जातीची, अंगावर ठिपके, आपल्या चितळासारखी. ती रोपांची साल सोलून खातात आणि रोप मरतं. मार्टिन एकाच माणसाला रायफल घेऊन आत येऊ देतात. तो माणूस नोएल होते. त्यांच्यानंतर ती जागा मला हवी होती. डब्लिनच्या एका गटानेही ती मागितली होती, आणि ते पैसे मोजायला तयार होते.

मार्टिननी लेखी परवानगी दिली तरच मला गार्डा ठाण्यात, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, मोठ्या रायफलसाठी अर्ज करता येणार होता. अर्जात काडतुसाचा प्रकार लिहावा लागतो. नंतर मन बदललं तर सगळं पहिल्यापासून. मार्टिन परवानगी देणार ती नोएलच्या शब्दावर. आणि नोएलचं मत ठरलेलं होतं.

काडतुसं दोन. एक स्वीडिश: साडेसहा मिलिमीटरचं, लांब, सडपातळ, शंभराहून जास्त वर्षं जुनं. दुसरं शॉर्ट मॅग्नम: बुटकं, जाड, चार-पाच वर्षांपूर्वी बाजारात आलेलं. दोन्हींच्या गोळीचं वजन जवळपास सारखं. नवी गोळी बरीच वेगात जाते, म्हणून वाटेत कमी खाली येते. तीनशे यार्डांवर फरक तीनेक इंचांचा. हरणासाठी कायद्याने जी किमान ताकद लागते ती दोन्हींत आहे. अनिरुद्धने एक्सेलमध्ये तक्ता केला, रंग भरले. हिरवे रकाने सगळे शॉर्ट मॅग्नमचे. खांद्याला बसणाऱ्या दणक्याचा रकाना त्याने सगळ्यात शेवटी ठेवला होता.

"अगं, डेटा बघ ना," तो म्हणाला. तो रायफलला हात लावत नाही आणि मांसाहारात अंड्यापलीकडे जात नाही. पण डेटा त्याला आवडतो.

शनिवारी सातला निघालो. वॉटरफोर्ड ते कॉर्क एन-पंचवीस हायवेने सव्वाशे किलोमीटर, दोन तास धरा. बँक हॉलिडेला अडीच. खुब्यामुळे नोएल पुढच्या सीटवर, मी मागे, मांडीवर दशम्यांचा डबा. डंगार्वनला थांबून समुद्राकडे तोंड करून खाल्लं. कॉफी तिघांची सहा युरो. लसणाच्या चटणीला नोएल "ते लाल" म्हणतात आणि मागून घेतात.

"माझ्या बापाची थ्री-नॉट-थ्री होती," गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर नोएल म्हणाले. "बहात्तर साली सरकारने मोठ्या रायफली जमा करायला लावल्या. उत्तर आयर्लंडमध्ये गडबड होती. एका महिन्यासाठी म्हणाले. पावती दिली."

"मग?" अनिरुद्धने विचारलं.

"मग काय? पावती आहे माझ्याकडे."

मग ते मान न वळवता मला म्हणाले, "वर्षानुवर्षं आम्हाला हेच ऐकवलं, तुम्हाला एवढं पुरे. आता दुकानात जाऊन सगळ्यात चांगलं मागता येतं. आणि तुला माझ्या आजोबांच्या काळातलं काडतूस बघायचंय."

"बघायचंय फक्त," मी म्हणाले.

"बघायला म्युझियम आहे, गर्ल."

कॉर्कच्या अलीकडे एका गावात ऊनाचं दुकान आहे. पन्नाशीची बाई, वडिलांचं दुकान चालवते. पुढे गळ आणि रबरी बूट, मागे जाळीच्या दारापलीकडे रायफली. शॉर्ट मॅग्नमची नवी रायफल तिने स्वतः कपाटातून काढली. स्वीडिश जुनी, वापरलेली. तिच्या लाकडावर ओरखडे होते. काडतुसांचं विचारलं. स्वीडिशची तीन प्रकारची खोकी फळीवर होती. शॉर्ट मॅग्नमचं एकच, जवळपास दुप्पट किमतीचं. पुढचं मागवलं की येईल.

"कधी?"

"येईल तेव्हा," ऊना म्हणाली. "ग्रँड काडतूस आहे. फक्त यायला हवं."

दुपारी ती आम्हाला क्लबच्या मैदानावर घेऊन गेली. पाहुण्यांना तिथे देखरेखीखाली रायफल चालवता येते, नावनोंदणी करून. बारीक पाऊस होता. वर पत्रा, खाली चटई, शंभर यार्डांवर कागद.

स्वीडिशच्या पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं तळहाताने झाकली जातील एवढ्या जागेत. दणका म्हणजे कोणी खांदा ढकलल्यासारखा. मग शॉर्ट मॅग्नम. पहिल्या पाच त्याहून दाटीने लागल्या. नोएलनी काठी जमिनीवर आपटली. अनिरुद्धने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मलाही बरं वाटलं, ते लपवत नाही. नवी रायफल चांगली होती. मी आणखी पाच मागितल्या, मग आणखी पाच. खांद्याच्या आत काहीतरी गरम झालं होतं. शेवटच्या पाचांतल्या दोन कागदाच्या कडेला गेल्या.

"दमली ती," नोएल म्हणाले.

"डोंगर चढून गेल्यावर कोण ताजं असतं?" ऊना माझ्याशेजारी गुडघ्यावर बसली. "तोंड तिकडे कर. आता मी भरते. तू फक्त नेम धर आणि चाप ओढ."

मी तोंड फिरवलं. बोल्ट मागे-पुढे झाल्याचा आवाज आला. नेम धरला, चाप ओढला. दणका. पुन्हा तसंच, पुन्हा दणका. तिसऱ्या वेळी चाप ओढला आणि नुसतं खट् झालं. तिने काडतूस घातलंच नव्हतं. पण नळी खाली गेली होती. गोळी नसताना, दणका नसताना, माझ्या खांद्याने पुढे झेप घेतली होती आणि डोळे मिटले होते.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

"स्वीडिश दे," मी म्हणाले. "तसंच भर."

तिने तसंच भरलं. रिकाम्या वेळी नळी पुन्हा खाली गेली. कमी, पण गेली.

"सुरुवातीला तू अशी नव्हतीस," ऊना म्हणाली. "ही खोड मोठीने लावली. आता लहानीवरही दिसणार. जाते, पण वेळ घेते."

"सवय होते दणक्याची," नोएल म्हणाले. "सगळ्यांना होते."

"नाही होत, नोएल. सगळे फक्त सांगत नाहीत."

मी उठले, कपडे झटकले आणि ऊनाला सांगितलं की परवाना मिळाला तर स्वीडिश घेईन, तिने ती ठेवावी. नोएलनी काठी घेतली आणि पावसात गाडीकडे गेले.

रात्री यॉलला राहिलो. समुद्राजवळची बी-अँड-बी, माणशी पस्तीस युरो, सकाळचा नाश्ता धरून. शाकाहारी म्हटलं तर तळलेले टोमॅटो, मश्रूम आणि भरपूर टोस्ट मिळतात. अनिरुद्धने खोलीत माझा खांदा बघितला. कॉलरबोनखाली तळहाताएवढा निळा डाग होता.

"तुझ्या तक्त्यातला शेवटचा रकाना," मी म्हणाले.

"मी तो वर घेतो," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण म्हातारबाबांनी मार्टिनकडे शब्द टाकला नाही तर? एक वर्ष घे ना मॅग्नम. ते खूश, तुला जागा. मग बदल."

"आणि त्या वर्षात माझे डोळे मिटलेले असताना समोर हरीण असेल, त्याचं काय?"

त्याने मलमाची ट्यूब पुढे केली. मी मलम लावून झोपले. ठरलं होतं ते ठरलं होतं.

रविवारी यॉलहून टॅलो, तिथून लिझमोर. रस्ता नदीच्या कडेने, अरुंद, दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, समोरून ट्रॅक्टर आला की मागे जायची तयारी ठेवा. लिझमोरला नदीवर किल्ला आहे, बाहेरून बघितला. दुपारच्या सूप आणि ब्राउन ब्रेडचे पाच युरो. नोएल सगळ्या रस्त्यात हवामानावर बोलले, तेही अनिरुद्धशी.

लिझमोरहून क्लॉहीनकडे जाणारा घाट म्हणजे 'व्ही'. तुम्ही शिकारीत रस घेत नसाल तरी मेच्या शेवटी नाहीतर जूनच्या सुरुवातीला इथे या. दोन्ही उतारांवर ऱ्होडोडेंड्रॉन जांभळी फुललेली असतात, मैलभर. वळणावर गाडी लावायला जागा आहे, तिकीट नाही. खाली टिपरेरीची शेतं चौकोनाचौकोनाने पसरलेली दिसतात. मार्टिन मात्र या फुलांना शिव्या घालतात. त्यांच्याखाली दुसरं काही उगवत नाही.

मार्टिनच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ते गुरांकडे गेले होते. मी नोएलना विचारलं, हरणं कुठून निघतात, तुम्ही कुठे बसायचा? त्यांनी काठीने दाखवलं. झाडांची कड, तिच्यासमोर गवताचा पट्टा, पट्ट्याच्या पलीकडे मातीचा चढ, जिथे चुकलेली गोळी रुतून बसेल. मी बसायच्या जागेपासून चढापर्यंत चालत गेले, मोजत. एकशे सदतीस पावलं. परत येताना पुन्हा मोजली. तेवढीच.

"नोएल, एकोणीस वर्षांत यापेक्षा लांबून कधी मारलंत?"

"माझ्याकडे तेवढं लांब मारणारी रायफल कुठे होती?" ते म्हणाले. मग काठी दरीपलीकडच्या उतारावर रोखली. "तिथे उभा राहतो मोठा नर. दर वर्षी. मी बघत बसायचो. शॉर्ट मॅग्नम असती तर..."

त्या उताराच्या माथ्यावर आभाळ होतं. खाली कोणाची तरी गुरं चरत होती.

"मी तिथे मारणार नाही," मी म्हणाले. "कुठलंही काडतूस असलं तरी."

मार्टिनच्या स्वयंपाकघरात चहा नको म्हणायची सोय नसते. तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घेतला. पन्नाशीचा मोठा माणूस, हात टेबलावर ठेवले की टेबल भरतं. नोएल बराच वेळ कप फिरवत होते. अनिरुद्ध माझ्याकडे बघत नव्हता.

"सांगूनच टाकतो, मार्टिन," नोएल म्हणाले. "मी हिला चांगलं काडतूस घ्यायला सांगितलं. ऐकत नाही. जुनाट काहीतरी घेतेय. वर म्हणते, झाडांची कड सोडून कुठे मारणार नाही. पलीकडच्या उतारावर तो मोठा उभा राहिला ना, तर ही बाई सरळ घरी जाईल."

मार्टिननी माझ्याकडे पाहिलं. "घरी जाशील?"

"जाईन."

"आणि कडेलाच आहे, पण नीट दिसत नाही, अंधारून आलंय?"

"तरी जाईन."

"काल हिने मैदानावर डोळे मिटले," नोएल म्हणाले. त्यांना आता थांबता येत नव्हतं. "वर आम्हा सगळ्यांसमोर दुसऱ्या रायफलीवरही तीच परीक्षा मागितली. स्वतःहून. कोण करतं असं?"

"मिटले," मी म्हणाले. "ते थांबेपर्यंत इथे रायफल आणणार नाही."

मार्टिन खिडकीकडे बघत राहिले. "गेल्या थंडीत मी एकदाच नियम मोडून पाहुण्या शिकाऱ्यांना दोन दिवस आत सोडलं होतं," ते म्हणाले. "ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी कुंपणात मादी सापडली. गोळीने पाय तुटलेला. जिवंत होती." मग ते नोएलकडे वळले. "आणि तू हे सगळं तक्रार म्हणून सांगतोयस?"

नोएलनी कप खाली ठेवला. मार्टिननी ड्रॉवरमधून वही काढली, एक पान फाडलं आणि माझं नाव कसं लिहायचं ते विचारलं.

ती रात्र क्लॉहीनला काढली आणि सोमवारी क्लॉन्मेलवरून परतलो. तासाभराचा रस्ता, घाई नव्हती. कॅरिकला पेट्रोल भरलं. नोएल गाडीत बसूनच राहिले. मी परत आले तेव्हा म्हणाले, "हट्टी आहेस."

"हो."

"दुर्बीण तरी नवी बसव त्यावर."

हे लिहिते आहे तेव्हा त्याला पाच आठवडे झाले. अर्ज दिला आहे, ठाण्याचं उत्तर अजून नाही. निळा डाग गेला. खोड गेली नाही. तीन दिवसांतून घरी खरं आलं ते हेच. रोज सकाळी अनिरुद्ध हॉस्पिटलला गेला की मी पॉइंट टू-टूत डमी काडतूस घालते, नळीवर वीस सेंटचं नाणं ठेवते आणि चाप ओढते. नाणं हललं नाही पाहिजे. चाळीस वेळा. पहिल्या आठवड्यात निम्म्या वेळा पडायचं. आता सहा-सात वेळा. सप्टेंबरात हंगाम सुरू होईल. तोवर परवाना आला आणि नाणं पडतच राहिलं, तर मी नुसती दुर्बीण घेऊन कडेला बसेन. मार्टिनना तसं कळवलं आहे.

काल सकाळी नोएल आले. त्या प्रवासानंतर पहिल्यांदाच. मी खोलीत चटईवर पडून नेम धरला होता. ते दारात उभे राहिले. अकराव्या वेळी नाणं पडलं आणि घरंगळत त्यांच्या बुटापाशी गेलं. त्यांना वाकता येत नाही. त्यांनी खिशातून दुसरं काढलं, काठीवर भार देत माझ्यापर्यंत आले आणि ते माझ्या हातात दिलं.

"पुन्हा," ते म्हणाले.