केसरबाईच्या गावाचा फाटा

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, लेकरांना न्हाई — देवळात हात जोडून उभी राह्यले तेव्हा देवालाबी न्हाई. तिथंसुद्धा मी दुसरंच काहीतरी मागून परत यायची. आज तुम्हाला सांगून राह्यले ते मन हलकं व्हावं म्हणून न्हाई. मन जड आहे, ते बराबर आहे, तसंच राहू द्या. मला राग आलाय. फार राग आलाय. म्हणून सांगते.

झालं काय, धाकट्याच्या पोराचं जावळ काढायचं आहे. आम्ही मारवाडी. जालन्यात आमच्या चार पिढ्या गेल्या, पण जावळ काढायला — आमच्यात त्याला जडूला म्हणतात — कुलदेवीपाशीच जावं लागतं, आणि देवीचं ठाणं पार जैसलमेरच्या पलीकडं. जोधपूरपर्यंत रेल्वे, तिथून पुढं जीप. काल जेवताना धाकटा म्हणाला, "आई, दादाच्या पोराच्या वेळी सगळं तूच ठरवलं होतंस, एकदम बराबर. या वेळीबी तूच ठरव." सगळ्यांनी माना हलवल्या. मोठी सून म्हणाली, "सासूबाईंसारखं प्लॅनिंग कुणालाच जमणार न्हाई."

माझ्या हातातला घास तसाच राह्यला. एकदम बराबर! अरे, काय बराबर होतं त्यात?

तर ऐका. पोखरणला अणुबॉम्बची चाचणी झाली, त्या वर्षीची गोष्ट. मोठ्याच्या पोराचं जावळ होतं, दिवाळी झाल्यावर निघायचं होतं. आमचं घर जुन्या जालन्यात, खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. दिवाळीच्या हंगामात पुरुषांना मान वर करायला सवड न्हाई. मंग हे काम माझ्याकडं आलं. मी हसनाबादची. वडलांचं तिथं किराणा दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं वाचायला शिकले ते पुड्या बांधायच्या कागदांवरून. पण घरातल्या बायकांत नकाशा वाचता येणारी मी एकटीच.

आणि खोटं कशाला बोलू — मला ते काम फार आवडलं. राजस्थानचा नकाशा आणला, दुपारी सैपाकघरात फरशीवर पसरायचा, कोपऱ्यांवर वाट्या ठेवायच्या. जोधपूरहून पहाटे निघायचं म्हणजे ऊन चढायच्या आत निम्मा रस्ता होतो. पाण्याचे कॅन किती, पोराचं दूध कसं टिकवायचं, खाकरे कोणत्या डब्यात, उलटी होणाऱ्यांनी कुठं बसायचं. ज्याचं त्याचं मागणं निराळं. ह्यांना किल्ला पाहायचा, सुनेला उंटावर बसायचं. मी सगळ्यांना "हो हो" म्हणायची.

माझ्या सासूबाईंचं मागणं एकच होतं.

त्यांचं माहेर त्याच रस्त्यावर. जोधपूर सोडून बरंच पुढं गेलं की पोखरणच्या अलीकडं एक फाटा लागतो, तिथून आत वाळूत त्यांचं गाव. तिथं त्यांची धाकटी बहीण राहायची, केसरबाई. लहानपणीच विधवा झाली, ती माहेरीच राह्यली. भाच्यांच्या घरात. सासूबाई लग्न होऊन जालन्यात आल्या, सुरुवातीला दोन-चारदा गेल्या, मंग भाऊ वारले. आणि आमच्यात बाई आपल्या पायानं माहेरी जात न्हाई. भावानं न्यायला यावं लागतं. भाऊ न्हाई तर भाच्यानं. भाचे आले न्हाईत. दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड पाह्यलं न्हाई, दोघी म्हाताऱ्या झाल्या. आता जावळाला जाता जाता, वाटेत, गाडी जरा आत वळवली — तर ते काही माहेरी जाणं होत न्हाई ना? कुणी नाव ठेवणार न्हाई. एवढाच मार्ग होता त्यांना.

त्या माझ्या शेजारी फरशीवर येऊन बसायच्या. अक्षर वाचता येत न्हाई. "बींदणी," — सुनेला आमच्यात बींदणी म्हणतात — "ह्याच्यात माझं गाव दाखव." गाव नकाशात नव्हतंच. मी अंदाजानं बोट ठेवलं. त्यांनी निवडायच्या ताटातला मुगाचा एक दाणा उचलून तिथं ठेवला आणि पाहत बसल्या. हसल्या. सत्तर वर्षांची बाई, अशी हसली जणू तिला कुणी न्यायलाच आलंय.

मला त्या हसण्याचा राग आला.

का आला, ते सांगितलंच पाहिजे. पण याला कारण समजू नका. माझे वडील आजारी पडले तेव्हा मी तीन लेकरांची आई होते, तरी विचारल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता. हसनाबाद काय लांब आहे? इथून एक बस. निरोप आला त्या दिवशी आमच्याकडं पापड होते. उडदाचं पीठ कुटून तयार, गल्लीतल्या बाया लाटायला बसलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "पीठ वाळून जाईल. आजचा दिवस जाऊ दे, उद्या जा." मी लाटत बसले. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा अंगणात लोक जमलेले होते.

मी भांडले न्हाई. एक शब्द बोलले न्हाई. वर्षानुवर्षं त्यांना गरम फुलके वाढले, पाय दाबले, लोक म्हणायचे सून असावी तर अशी. आणि आत काय होतं? आत मी ते पापड रोज लाटत होते.

तर — जीपवाल्याशी बोलायला मी खाली एसटीडी बूथवर गेल्ते. जोधपूरचा माणूस, चांगला होता. म्हणाला, "बिलकुल जाएगी माँजी, अंदर का रास्ता पक्का है, दो घंटे ज्यादा लगेंगे बस." मी फोन ठेवला आणि जिना चढले. खरं सांगते, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. वर सासूबाई उभ्या. पदर नीट घेतलेला, केस ओले करून बसवलेले, फोन जणू गावाहूनच आला होता. "काय म्हणला ग?"

मी म्हणाले, "आतला रस्ता बंद आहे माँजी. मिलिटरीनं बंद केलाय. बॉम्ब फोडले ना तिकडं."

किती सहज निघालं तोंडातून! कुणी शिकवलं होतं मला?

त्यांनी जिन्याचा कठडा धरला. मंग म्हणाल्या, "केसरला कळव बाई. मी तिला सांगावा धाडलाय, कोणत्या दिवशी येणार ते. ती वाट पाहत बसंल." गावात एका दुकानात फोन होता, त्याचा नंबर होता. मी परत खाली उतरले. बूथवर बायामाणसांची गर्दी न्हाई, लाईन न्हाई, काही न्हाई. मी बूथच्या पुढून गेले, कोथिंबीर घेतली, वर आले. "कळवलं," म्हणाले.

का न्हाई कळवलं? एक फोन तर होता! आज इतकी वर्षं मी स्वतःला विचारून राह्यले. कळवलं असतं तर ती म्हातारी घरात तरी बसली असती. पण तिकडून कुणी म्हणालं असतं, रस्ता तर चालू आहे. मला पकडलं जायची भीती होती, दुसरं काय? पापडाचा राग म्हणजे निदान राग तरी होता. ही तर नुसती भित्र्या हलकटपणाची गोष्ट.

सासूबाईंनी तरीबी मोसंबीची टोपली सोबत घेतली. आमच्या जालन्याची मोसंबी, केसरनं कधी खाल्ली नसंल म्हणून. त्या बाजूचं कुणी भेटलं तर पाठवू, म्हणाल्या. जोधपूर सोडलं, ऊन चढलं, पोरं तहान तहान करायला लागली. टोपली मीच उघडली. मीच सोलून सगळ्यांना वाटली. त्यांनाबी दिली. त्यांनी खाल्ली.

जेवणं झाली आणि सगळे पेंगले. सासूबाई मागच्या सीटवर, नातू मांडीवर, मान खिडकीला टेकलेली. मी पुढं ड्रायव्हरजवळ; आत वळायचं न्हाई, हे त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. फाटा आला. मला कळला, कारण नकाशावर तो मी बोटानं कितीदा गाठला होता. आणि फाट्यावर एक म्हातारी.

ड्रायव्हरनं वेग कमी केला. "माँजी, कोई हाथ दे रही है. रोकूँ क्या?"

आता बघा — अजून वेळ होता. मी मागं वळून फक्त "माँजी, उठा" म्हणायचं होतं. खोटं उघडं पडलं असतं, घरात तमाशा झाला असता, ह्यांनी चारचौघांत बोलून घेतलं असतं. एवढंच ना? एवढ्यासाठी?

मी म्हणाले, "चलो भैया. देर हो रही है."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावाकडचा एक माणूस मुलीचं स्थळ पाहायला जालन्यात आला, जेवायला आमच्याकडं. जेवता जेवता म्हणाला, "बुआ," — आत्याला तिकडं बुआ म्हणतात — "केसर बुआ फार रडली. दिवसभर फाट्यावर बसून होती." सासूबाई म्हणाल्या, "काय करणार बाबा, आतला रस्ता बंद होता." तो हसला. "बंद? आमच्याकडं तर रोज बस येते. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी पुऱ्यांचं ताट घेऊन उभी. सासूबाईंनी माझ्याकडं पाह्यलं. मंग त्याला म्हणाल्या, "म्हातारी झाले, ध्यानात राहत न्हाई. आमची गाडीच दुसऱ्या रस्त्यानं गेल्ती." आणि मला म्हणाल्या, "बींदणी, पुरी वाढ यांना."

बस. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द न्हाई. का न्हाई? मला शिव्या द्यायच्या होत्या त्यांनी! ताट फेकून मारायचं होतं! भाजीत मीठ जास्त झालं तर गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारी बाई, आणि याच्यावर गप? मी वाट पाहत राह्यले, आज बोलतील, उद्या बोलतील. त्या माझ्या हातचं जेवत राह्यल्या. मला त्यांच्या गप्प बसण्याचाबी राग यायचा. काय माणूस आहे मी — ज्याचं वाईट केलं त्याच्यावरच चिडायचं!

पुढं केसरबाई गेली. निरोप आला, सासूबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनी गच्चीवर जाऊन बसल्या. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला न्हाई. माझ्याकडं न पाहता विचारलं, "बींदणी, तू पुढं बसली होतीस. तुला दिसली का गं ती? कशी दिसत होती?"

आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. बहीण म्हातारपणी कशी दिसत होती, हे सांगू शकणारी त्या घरात मी एकटी होते. त्या वेळी लपवायला काही उरलंच नव्हतं, त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "न्हाई माँजी. मला कुणी दिसलं न्हाई."

त्या म्हणाल्या, "डोळा लागला असंल तुझा."

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या.

माझा डोळा लागला नव्हता. केसरबाईनं माझं काय केलं होतं? ती माझ्या दारात पापड लाटायला बसली नव्हती. मी तिला पाह्यलं, चांगलं पाह्यलं, माँजी. खेजडीच्या झाडाखाली पोत्यावर बसली होती, जीप दिसली तशी गुडघ्यावर हात ठेवून उठली. उंचीनं तुमच्यापेक्षा कमी. नाक थेट तुमचं. अंगावर काळपट ओढणी, धुवून इस्त्री केल्यासारखी चापून घेतलेली, पायात मोजड्या, एक उठताना निघून मागं राह्यली. काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. दात दोन-चारच होते, ते दिसले, कारण ती हसत होती. तिनं हात वर केला, आणि जीप पुढं निघून गेली तरी खाली घेतला न्हाई. बाजूच्या आरशात ती दिसत होती तोवर तो हात वरच होता.