पळवलेल्या दोन बायकांची खबर

“दोन बायका दिवसाढवळ्या पळवल्यात म्हनं. बंदराच्या गेटावरनं. आन् आपन चाललोय तिथं फोटो काढायला!”

मागच्या टेबलावर कुणीतरी दबक्या आवाजात हे बोललं, तेव्हा मी नाश्त्याच्या ताटलीत पपईच्या फोडी घेत होते. जहाज नुकतंच एका परक्या बंदराला लागलं होतं. नोकरीत तपासलेले कितीतरी मोठे गुन्हे आता पुसट झाले, पण ती सकाळ अजून जशीच्या तशी दिसते.

मी सहा वर्षं पोलीस उपनिरीक्षक होते. सगळी सेवा आमच्याच जिल्ह्यात झाली. मग नोकरी सोडली. का सोडली हा वेगळा विषय आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी लिहायला मी खऱ्या अर्थाने ठाण्यात शिकले, स्टेशन डायरीच्या नोंदी करताना. नोंदीत आपल्या मनातलं काही लिहायचं नसतं. ते मला सोयीचं होतं. इथेही कुणाचं नाव देत नाही.

सहल आईच्या माहेरच्यांची होती. पाथर्डी तालुक्यातल्या तिच्या गावची चौदा माणसं पहिल्यांदाच समुद्रावर निघाली होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून तिच्या जागी मी गेले. खोलीत माझ्या सोबतीला आईची लहानपणची मैत्रीण होती. मी तिला मावशी म्हणते. तिने उमेदीची वीसेक वर्षं ऊसतोडीत काढली. आता मुलगा कमावता झाला, त्याने तिला पाठवलं होतं. पहिल्या दिवसापासून ती खोलीचा पडदा लावू देत नसे. काचेला कपाळ टेकून पाणी बघत बसायची.

बाहेर दमट धूसर ऊन होतं. उन्हाळ्यात पाथर्डीच्या रस्त्यावर लांब पाणी दिसतं आणि जवळ गेलं की विरतं, तसं ते शहर वाटत होतं. क्रेन, मिनार, पांढरी घरं, सगळं जमिनीपासून वीतभर वर तरंगत होतं. मला तिथे उतरायचं होतं. जिथे कुणी ‘मॅडम’ म्हणणार नाही अशा गल्लीतून तासभर चालायचं होतं.

पहाटे दाराखालून एक इंग्रजी सूचना आली होती. ती मीच सगळ्यांना वाचून दाखवली होती. शहरात दुपारनंतर मोर्चा आहे, गर्दीपासून लांब राहा, एकट्याने फिरू नका, खाली उतरणं प्रवाशाच्या स्वतःच्या जबाबदारीवर. एवढंच. बायका पळवल्याचा त्यात शब्द नव्हता.

पण खबर नाश्ता संपेपर्यंत चौदा जणांत पसरली. गावचे माजी सरपंच अण्णा यांनी वरच्या डेकवर सगळ्यांना गोळा केलं.

“गावात बोअर घ्यायची न्हाई, हे आपन हात वर करून ठरवलं का न्हाई? हितं बी तसंच. जायचं तर समद्यांनी, न्हाईतर कुनीच न्हाई. एक मानूस मागं टाकून गावात तोंड दाखवायचं न्हाई.”

“अण्णा, जहाजावर ग्रामसभा भरती का? ग्रामसेवक कुठाय?” गावात जीप चालवणारे दादा म्हणाले.

“गप रे. ही काय तुझी जीप न्हाई, वाटंल तिथं मानसं कोंबायला.” अण्णा माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमी पोलिसात हुता. अर्ध्या तासात तपास करा. मग हात वर.”

पहाटे पाचपासून नवे बूट घालून बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांच्या वाट्याला असं बंदर पुन्हा येणार नव्हतं. मान हलवून मी निघाले.

आधी अधिकृत बाजू. उतरण्याच्या शिडीपाशी जहाजाचा सुरक्षा अधिकारी उभा होता. त्याला वेळ, ठिकाण, रस्ता असं एकेक विचारलं. मोर्चा दोन वाजता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बंदराजवळचा जुना बाजार शांत आहे, जहाजाच्या बसने जा, एकच्या आत परत या. बायका पळवल्याची खबर ऐकून त्याने बंदरावरच्या पोलिसांना फोन लावला. तशी कुठलीही तक्रार नव्हती.

मग खबरीची बाजू. खबर तपासायची तर तिच्या उलट दिशेने चालत जावं लागतं. कुणी सांगितलं, कुठे, किती वाजता. अण्णांना ती दादांनी सांगितली होती.

“मला चहाच्या मशीनपाशी मावशीनं सांगितलं,” दादा म्हणाले. “तिला म्हनं, खोल्या आवरनाऱ्या मानसानं सांगितलं.”

मी तिथेच थबकले. तो माणूस कुठल्यातरी दूरच्या बेटावरचा होता. ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचा आणि टॉवेलची घडी घालून हंस करायचा. हिंदीही त्याला येत नव्हती. आणि मावशीला मराठीशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

ती डेकच्या टोकाला खुर्चीत बसली होती. चौकशीत समोरच्याला बसलेलं असू द्यावं आणि आपणही बसावं, हे मला एका जुन्या हवालदारांनी शिकवलं होतं. मी शेजारी बसले. बराच वेळ काही बोलले नाही. ठाण्यात माझ्या या गप्प बसण्याला शिष्टपणा म्हणत. कामाला मात्र ते नेहमी यायचं.

“मावशी, तो माणूस कुठल्या भाषेत बोलला?”

ती पाण्याकडेच बघत राहिली. “हातानं सांगितलं त्यानं.”

“बायका पळवल्या, हे हातानं?”

तिने तोंडाला पदर लावला. आधी खांदे हलले, हसू फुटलं. मग हळूहळू थांबलं.

“लई वंगाळ हायेस तू. तुझी आई बी अशीच. बोलायची न्हाई, नुसती बघायची.”

मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

“पोरी, माझा जल्म उतरन्यात गेला,” ती म्हणाली. “ट्रॅक्टर थांबला की उतरा. ऱ्हायला पाचटाची कोपी घाला, चूल मांडा, पहाटं कोयता घ्या. जिथं उतरले तिथं कामच लागलं. आता यवढी मोठी गाडी थांबली. म्हनलं, यकदा तरी मी न्हाई उतरायची. बसून ऱ्हायची. यवढं पानी समूर, आन् कुनी भरून आन म्हनत न्हाई.”

“मग तसं सांगायचं की सगळ्यांना.”

“हसतील. म्हनतील, परदेश दारात आला आन् म्हातारी पाय उचलंना. अण्णा वढत नेतील. न्हाईतर माझ्यापाशी कुनाला तरी बशिवतील, त्याचा दिस माझ्यापायी नासायचा. मग म्हनलं, कुनीच उतराया नगं.” तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. “तू त्यांच्यापुढं बोलनार का आता?”

सोनेरी धुक्यात बंदराच्या भिंती वितळत होत्या. खाली कुठेतरी दोर करकरत होता. जहाज हलतंय की शहर, ते कळत नव्हतं. खोटी खबर देणाऱ्यावर कारवाई करता येते, तशी मी नोकरीत केलीही आहे. खबर खोटी निघाली की शेरा मारून कागद फाईलला लावायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. खबर देणाऱ्याला नेमकं काय हवं होतं, हे मी क्वचितच विचारलं असेल. अशी दोन-तीन तोंडं त्या धुक्यात मला दिसली. त्यांतली एक बाई तर तीन वेळा ठाण्यात आली होती.

अर्धा तास संपला. अण्णांनी हाक मारली. मी गेले, मावशी मागून हळूहळू आली. बारा माणसं अर्धवर्तुळात उभी होती. मी अहवाल दिला. मोर्चा कुठे, बस कुठून, परत कधी.

“आन् त्या दोन बायका?” अण्णांनी विचारलं.

“खबर खोटी आहे. पोलिसांकडे विचारून खात्री केली.”

“सोडली कुनी ती?”

“खबऱ्याचं नाव पोलीस सांगत नाहीत.”

दादा हसले. “नोकरी सुटली, पर बाईंची खाकी सुटंना!”

चौदा हात वर झाले पाहिजेत, असं अण्णा म्हणाले. मी मोजले. बारा होते. मावशीचा हात पदराखाली होता आणि माझा खाली.

“मावशे, काय झालं? बरं न्हाई का? चक्कर येती का?” अण्णांनी विचारलं. सगळे तिच्याकडे वळले. ती जमिनीकडे बघत होती. चक्कर म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. तो शब्द माझ्याही ओठांवर आला होता.

मी एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, “अण्णा, मावशीला काहीही झालेलं नाही. तिला इथे बसायचंय, म्हणून ती उतरणार नाही. मी तिच्याजवळ थांबते. तुम्ही सगळे जाऊन या.”