खुर्च्यांच्या पाठीवरची नावं

छोटे धंदेवाले एकमेकांना कशी मदत करतात, हे अभ्यासायला मी शहापुरात उतरले तेव्हा माझ्याकडे बारा पानांची प्रश्नावली होती आणि अक्कल बेताची. धंदा निवडला मंडपवाल्यांचा. पहिलाच प्रश्न, तुम्ही कोणाकडून सामान घेता? एकजात सगळे म्हणाले, कोणाकडूनच नाय. शेणव्याच्या मंडपवाल्या काकांनी तर चहा पाजून वर सुनावलं, "आमचं सगळं घरचं हाय." मार्गदर्शक बाई म्हणाल्या, संबंधच सापडत नसतील तर प्रबंधात लिहिणार काय, कपाळ? मला असा संताप आला की ती प्रश्नावली चुलीत घालावीशी वाटली.

मग मी पद्धत बदलली. इकडे प्रत्येक मंडपवाला खुर्चीच्या पाठीवर आपल्या दुकानाचं नाव-गाव रंगवतो. म्हणजे विचारायचं कशाला, लग्नात जाऊन वाचावं. आमंत्रण कुठलं आलंय! मुलीकडच्यांना मी मुलाकडची वाटायचे, मुलाकडच्यांना मुलीकडची. जेवण मात्र चांगलं असायचं.

खर्डीच्या एका लग्नात मंडप शेणव्याच्या त्याच काकांचा होता. खुर्च्यांना पांढरी कव्हरं, मागे गुलाबी फीत. मी मागच्या रांगेत वाकून एकेक कव्हर वर करायला लागले. शहापूर, मुरबाड, पुन्हा मुरबाड, किन्हवली. काकांची स्वतःची खुर्ची औषधालाही सापडेना. मी खुशीत वही काढली, तर समोर नवरीचा बाप. त्याच्यामागे काका, तोंड उतरलेलं. बापाने काम देतानाच बजावलं होतं की सामान स्वतःचं पाहिजे, उसनं चालणार नाय. आणि धाकटीच्या लग्नाचं कामही काकांनाच द्यायचं घाटत होतं.

"काय बघताय ताई? खुर्च्या यांच्याच हायत ना?"

माझ्या तोंडात अजून जिलबी होती. संशोधकाने मध्ये पडू नये, असं मीच पहिल्या प्रकरणात ठासून लिहिलं होतं. मी कव्हर हळूच खाली सोडलं.

"यांच्याच. आमच्या घरच्या कार्याला सांगायच्यात, म्हणून बघत होते."

बाप खूश होऊन गेला. पंगती उठल्यावर काकांनी दोन खुर्च्या ओढल्या, एकीवर मला बसवलं आणि म्हणाले, "लिवा." टोप कोणाचे, जनरेटर कोणाचा, कोण आजारी पडला तेव्हा त्याचा मंडप कोणी बांधून दिला, सगळं सांगितलं.

प्रकरण झकास झालं. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांनी विचारलं, इतकी आतली माहिती मिळवलीत कशी? विश्वास संपादन करून, मी म्हणाले. कोणाला फसवून, ते त्यांनी विचारलं नाही.