हात दिसतील तिथवर

मामीला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ऐकू येणाऱ्या लोकांना दुसऱ्यासाठी हळहळायची भारी हौस. मामालाही ऐकू येत नाही. दोघं एकाच शाळेत होती, तिथेच भांडता भांडता सूत जुळलं, आणि लग्न करून या एवढ्या मोठ्या रानात येऊन राहिली. घर खाली ओढ्याजवळ. मागे गोठा, पुढे लिंबांची बाग, बागेपलीकडे गुरांचं कुरण आणि कुरणाच्या टोकाला टेकाड. घरापासून टेकाडापर्यंत चालत जायचं म्हणजे पायांचे तुकडे पडतात.

आजूबाजूचे सगळे तिला मामीच म्हणतात. मामाला मात्र पाठीमागे पवनचक्की म्हणतात. का म्हणून काय विचारता? दिवसभर हा माणूस टेकाडावर उभा राहून हात फिरवत असायचा. नव्याने आलेल्याला वाटायचं, याला मधमाश्या चावताहेत. पण तो बायकोशी बोलत असायचा. मामी खाली ओसरीवर उभी राहून उत्तर द्यायची. दोन्ही हात डोक्यावर गोल फिरवले की जेवायला ये. हात आडवे पसरून हलवले की गुरं कुंपण मोडून गेली. टोपी काठीवर धरली की कोणीतरी आलंय. आणि एक हात सरळ वर, की सगळं ठीक आहे.

हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. त्यामुळे या दोघांत पहिल्या दिवसापासून अरे-तुरे, आणि भांडणही बरोबरीचं. फक्त एक होतं. टेकाडावरून फक्त मोठे शब्द पोचायचे. बोटांचं बारीक बोलणं, चेहऱ्यावरचं हसणं-रुसणं एवढ्या लांबून कुठलं दिसायला? ते सगळं संध्याकाळसाठी ठेवलेलं असायचं. आणि संध्याकाळी मामा इतका दमलेला असायचा, की बोलता बोलता त्याची बोटं मांडीवर तशीच झोपून जायची. मामी त्याचा अर्धवट राहिलेला शब्द थोडा वेळ बघत बसायची आणि मग दिवा मालवायची. उभा जन्म असा गेला, आणि खोटं कशाला बोला, चांगला गेला.

मग मामीचे डोळे फितूर झाले.

आधी टेकाडाची कड गेली. सकाळी ओसरीवर येऊन ती बघायची, तर हिरवं कुठे संपतं आणि निळं कुठे सुरू होतं तेच कळायचं नाही. टेकाड आभाळात विरघळल्यासारखं दिसायचं. तिला ते सुंदरही वाटायचं, हे तिने कोणाला सांगितलं नाही. मग कुरणातल्या गाई गेल्या. तिथे नुसते तपकिरी डाग हळूहळू सरकत राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय. हातभर अंतरावरचं दिसत राहील, लांबचं कमी होत जाईल, आणि चष्म्याने फारसा फरक पडणार नाही. मामीने तो कागद घडी करून डब्यात टाकला आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "डोळे ठणठणीत आहेत. माणूसच अडाणी होता."

त्यानंतर ती अंदाजाने बोलू लागली. मामाच्या सवयी तिला पाठ होत्या. ऊन ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर आलं की तो टेकाडावर असणार. मग त्या धुक्यात जे काही उभं, काळसर दिसेल, त्याच्याकडे बघून ती हात वर करायची. सगळं ठीक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण एक दिवस मामाचा पाय दगडात अडकून मोडला. कोणाला तरी दिसेल म्हणून तो बसल्या जागेवरून सदरा काढून हलवत राहिला. मामी बाहेर आली, तिने हात वर केला, सगळं ठीक, आणि आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. दुपार कलल्यावर दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याने त्याला पाहिलं आणि पाठुंगळी मारून घरी आणलं. मामीने त्याचा पाय बघितला, सदरा बघितला. मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टर, कागद, अंदाज, सगळं. मामाने नुसती मान हलवली. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

त्यांची लेक शहरात राहते. तिला ऐकू येतं, आणि आई-बापाची भाषा तर तिने बोलायच्या आधी उचललेली. ती धावत आली आणि आल्या आल्या निकाल लावला. रान विकायचं, दोघांनी तिच्या शेजारी घर घ्यायचं. मोबाइलची रेंज त्या खोलगट जागेत कधी आलीच नव्हती. इंटरनेट होतं ते फक्त घरात, तेही विहिरीपर्यंत गेलं की मरायचं. "उद्या बाबा पुन्हा पडले तर?" लेक म्हणाली. मामाला टेकाडावरून उतरवणं म्हणजे झाड उपटून कुंडीत लावण्यासारखं, हे मामीला कळत होतं, आणि ते आपल्या डोळ्यांपायी होणार, हेही कळत होतं. तीन रात्री ती नीट जेवली नाही. शेवटी तिने लेकीला सांगितलं, "ते घरातलं इंटरनेट टेकाडापर्यंत ने. मोबाइलवर याचे हात मला हातभर अंतरावर दिसतील. जमलं तर राहू. नाही जमलं तर मी स्वतः सामान बांधीन."

मामाच्या पायाचं प्लास्टर निघाल्यावर लेकीने ज्याला आणलं त्याला सगळे वायरवाला म्हणायचे, जरी त्याचा धंदा बिनतारी होता. पोट सुटलेला, गप्पिष्ट, शिडीवर मात्र माकडासारखा चढणारा. त्याने घराच्या छपरावर ताटाएवढी डिश बसवली, तोंड टेकाडाकडे. टेकाडावर खांब रोवला, त्यावर दुसरी डिश, उन्हावर चालणारी बॅटरी आणि आजूबाजूला रेंज पसरवणारा पांढरा डबा. तसाच एक डबा गोठ्याच्या भिंतीवर, एक बागेत. "या दोन डिशांनी एकमेकींना बघायला हवं, मामी," तो म्हणाला आणि लेकीने ते हातांनी सांगितलं. "मधे काही आलं की बोलणं बंद." मामी हसली. हे तिला नवीन नव्हतं.

पहिली चाचणी घ्यायला तो स्वतः टेकाडावर गेला आणि तिथून मामीला फोन लावला. पडद्यावर त्याचं घामेजलेलं तोंड आलं. सवयीप्रमाणे मान वाकडी करून, मोबाइल कानाला चिकटवून तो जिवाच्या आकांताने ओरडत होता, "हॅलो! मामी, ऐकू येतंय का? हॅलो!" मामीला पडद्यावर फक्त एक मोठा कान दिसत होता. लेकीने तो काय म्हणतोय ते सांगितलं, तशी मामी पोट धरधरून हसली. कित्येक दिवसांनी हसली. वायरवाला खाली आल्यावर त्याला कळलं, आणि त्याने जीभ चावली ती चांगली लांबलचक.

बागेत मात्र घोडं अडलं. लिंबाची पानं दाट आणि रसरशीत, रेंज पिऊन टाकायची. मामा बागेत शिरला की पडद्यावरचा हात अर्ध्यात थिजायचा आणि पुढचं सगळं गायब. वायरवाला म्हणाला, "एवढं तर चालतंच हो. आवाज जरा तुटतो, पण माणूस अंदाज बांधतो." लेक म्हणाली, "दादा, इथे आवाज नाहीये. हात तुटला की वाक्यच गेलं. आणि अंदाज बांधणं आमच्याकडे आता पुरे झालंय." वायरवाल्याने बागेतला डबा काढला, झाडांच्या शेंड्यांहून उंच खांब आणवला आणि डबा त्याच्या टोकाला बसवला. संध्याकाळ होऊन गेली तरी तो वरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा काठी टेकत टेकत टेकाडावर निघाला. सोबत गाडीवाला होता. खाली मामी ओसरीवर बसली, हातात मोबाइल, पाठीमागे लेक, पायरीवर वायरवाला. धुकं अजून विरायचं होतं. मामीच्या डोळ्यांपुढे नेहमीसारखं हिरवं-निळं एकमेकांत मिसळून गेलेलं, त्यात कोणी होतं की नव्हतं देव जाणे. मोबाइल थरथरला. तिने बटण दाबलं.

पडद्यावर गवत. गवत आणि आभाळ, आणि मधोमध मुंगीएवढं काहीतरी.

मामाने काय केलं होतं? मोबाइल एका दगडाला टेकवून ठेवला होता, आणि मग हा शहाणा माणूस काठी टेकत मागे मागे जाऊन लांब उभा राहिला होता, आणि तिथून दोन्ही हात गरागरा फिरवत होता. उभ्या जन्माची सवय! टेकाडावरून बायकोशी बोलायचं म्हणजे लांबूनच बोलायचं, असं त्याच्या हाडात भिनलेलं. लेक कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "बाबा, अहो काय करताय!" गाडीवाल्याने धावत जाऊन त्याला दंडाला धरलं आणि दगडाकडे आणलं. मुंगी मोठी होत गेली. टोपी आली, सदरा आला, आणि मग चेहराच चेहरा, सगळा पडदा भरून.

मामी बघत राहिली. टेकाडावरचा मामाचा चेहरा तिने आजवर कधी पाहिलाच नव्हता. वाऱ्याने लाल झालेला, डोळे बारीक केलेला, लाजलेला.

सवयीने त्याने एक हात वर केला, सगळं ठीक, आणि हातच पडद्याबाहेर गेला. मग त्याने हात छातीजवळ घेतला आणि बारीक बोलायला लागला, दिव्याखाली बोलायचा तसं. "दिसतोय?"

"दिसतोस," मामीने एका हाताने सांगितलं. "दाढी कर."

तो हसला. मग त्याने पलीकडे कुठेतरी बोट दाखवलं. "ते वाळकं झाड दिसतं? नाही ना दिसत. तू त्याच्याकडे बघून हात करायचीस. मी इकडे, आणि तू त्या झाडाला सांगायचीस सगळं ठीक आहे."

मामीचा हात थांबला. "तुला माहीत होतं?"

"तुझी नजर गेली त्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

मामाने खांदे उडवले. त्याची बोटं थोडी अडखळली, पण तुटली नाहीत. "तू लपवत होतीस, मग म्हटलं लपवू दे. रोज ती वेळ झाली की मी चालत त्या झाडाखाली जाऊन उभा राहायचो. म्हटलं, ही हात करते ते रिकाम्या जागेला नको."

पायरीवरून वायरवाल्याला फक्त मोबाइलची पाठ दिसत होती. त्याने काळजीने लेकीला विचारलं, "काय म्हणताहेत? चित्र तुटतंय का?"

लेकीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "नाही," ती म्हणाली. "स्वच्छ येतंय सगळं."

मामीने मागे वळून लेकीकडे बघितलं. तिचेही गाल ओले होते, पण भुवया चढलेल्या. मोकळ्या हाताने तिने भराभर सांगितलं, "तुझ्या शेजारचं घर बघणं बंद कर. आणि तू नंतर रड. आधी हा मोबाइल धर. मला याला शिव्या द्यायच्यात, दोन्ही हात लागतील."